कमी रनिंगची जुनी गाडी : कोकण किनारपट्टीवरील देखभाल

वयाने दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलेली, पण मीटरवर त्या मानाने फार थोडे किलोमीटर दिसणारी खासगी मोटार ठरावीक मुदतीने तपासणे, तिच्यातील ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि रबरी भाग बदलणे व तिचा पत्रा गंजापासून राखणे, हा या नोंदीचा विषय. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा गाड्या वाडीवाडीत सापडतात. कुणा चाकरमान्याने गावच्या घरी ठेवलेली आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरतीच बाहेर निघणारी. कुणा निवृत्त शिक्षकाची बाजार, दवाखाना आणि देऊळ यांपलीकडे न गेलेली. तर एखादी मुलगा परदेशी गेल्यापासून पडवीत ताडपत्रीखाली उभी. विकायची वेळ आली की ‘सिंगल ओनर, रनिंग कमी’ ही त्यांची मोठी जमेची बाजू धरतात. किनाऱ्यावर ती निम्मीच खरी असते. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे वडीलधारे म्हणतात. कोकणातल्या गाडीचे वय मोजायलाही हेच माप लावावे.

किलोमीटर की महिने : गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे कोष्टक असते. त्यात बहुतेक पेट्रोल गाड्यांना इंजिन ऑइल १०,००० किमी किंवा १२ महिने, ‘यांपैकी जे आधी होईल ते’, असे दिलेले असते. मालक या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतो. बारा वर्षांत २८,००० किमी चाललेल्या गाडीची सर्व्हिसिंग किलोमीटरच्या हिशेबाने दोनदा व्हायला हवी, महिन्यांच्या हिशेबाने बारा वेळा. याच पुस्तिकेच्या मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ अशा अर्थाचे एक उपकोष्टकही बऱ्याचदा असते: सतत छोटे फेरे, धूळ, दमट किंवा खारी हवा अशा परिस्थितीत मुदती कमी कराव्यात, असे ते सांगते. जांभ्याच्या लाल धुळीत आणि समुद्राच्या वाऱ्यावर राहून रोज मच्छी मार्केटपर्यंत जाऊन येणारी गाडी यातल्या सगळ्याच अटी पुऱ्या करते, तेही मालकाने तिला अगदी फुलासारखी जपलेली असताना.

छोट्या फेऱ्यांचे नुकसान सहजी दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच-सात मिनिटांच्या फेरीत ते तापत नाही. मग काही पाणी सायलेन्सरमध्ये साठून त्याला आतून सडवते आणि काही पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरण्याचे झाकण उघडून उलटे करून पाहावे. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर बहुधा हे तेच पाणी. लांबची फेरी मारूनही तो थर गेला नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे वरचे डोके आणि खालचा भाग यांमधले सील, तपासावे लागते. अंगणात दहा मिनिटे गाडी नुसती चालू ठेवण्याचा रिवाज घरोघरी आहे. बॅटरीला त्याचा थोडा उपयोग होत असला तरी इंजिनाला उलट त्रासच. पंधरवड्यातून एकदा २५-३० किमी सलग चालवणे, तेही एसी लावून, हा खरा उपाय. एसी चालला की कॉम्प्रेसरच्या सीलना ऑइल मिळते, नाहीतर ती सुकून गॅस गळू लागतो.

गंज : कोकणात सगळ्यात आधी मरतो तो पत्रा. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतात. मीठ त्या कामाची गती वाढवते. मिठाचा स्वभाव असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ आषाढात पाणी सोडते, तेच. लाटांच्या तुषारांतून वाऱ्याबरोबर आलेले मीठ गाडीच्या पोटाखाली आणि पत्र्याच्या घड्यांत बसलेले असते. जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असल्याने, गाडी पावसात भिजली नाही तरी मिठाचा थर ओला राहतो. ‘आमची गाडी छपराखाली असते’ हे म्हणणे म्हणूनच अपुरे. हर्णै, गुहागर किंवा मालवणच्या किनाऱ्यालगतच्या गाडीपेक्षा लांजा-संगमेश्वरकडची गाडी पत्र्याने बरी सापडते, कारण समुद्रापासून आत जावे तसे हवेतले मीठ झपाट्याने कमी होते.

गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसतो तेव्हा मागचा पत्रा बराच खाऊन झालेला असतो. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: दरवाज्यांची खालची कड, दरवाज्याखालचा पोकळ पत्रा, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, बॅटरीखालची बैठक, डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. जुना मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पोकळ पत्र्यावर ठोकत जातो. ‘टण’ आवाज आला तर ठीक. ‘भद्द’ आला की तो थांबतो, टोक लावतो आणि टोक आत जाते. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती धूळ आणि पालापाचोळ्याने बुजली की दरवाजा पाण्याची टाकी बनतो. माडाच्या हिराची काडी घेऊन ही भोके मोकळी करणे हे मे महिन्यातले पाच मिनिटांचे, बिनखर्चाचे काम. काचेखालच्या जाळीचेही तसेच. आंब्याखाली उभी राहणारी गाडी तिथे पाने साठवते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरते. मालक मात्र काचेचे रबर बदलत बसतो.

गाडी खालून धुणे सर्वांत उपयोगी, पण पाणी गोडे हवे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलेली गाडी म्हणजे मिठाचा आणखी एक हात. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला किंवा जयगड-तवसाळ अशा जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडली, की घरी आल्यावर खालून गोडे पाणी मारावे. पुळणीवर गाडी नेण्याच्या हौसेबद्दल एवढेच, की ओल्या वाळूत चाके रुतून भरतीत अडकलेली गाडी पुढे कितीही धुतली तरी कनेक्टर आणि बेअरिंगांतले मीठ पुरते निघत नाही.

पोटाला जळके ऑइल मारण्याची पद्धत ट्रकवाल्यांकडून आली आणि अजून टिकून आहे. पत्र्याला ते काही काळ वाचवते हे खरे. पण सस्पेन्शनच्या रबरी बुशांना ते फुगवते, सायलेन्सरवर जळते आणि पावसाबरोबर थेट परसातल्या विहिरीकडे जाते. आधी गंज खरवडून, गाडी पूर्ण वाळवून मारलेले मेणाचे किंवा रबरी कोटिंग चांगले. ओल्या गंजावर मारलेले कोटिंग त्या गंजाला पांघरूण घालते, आणि आत काय चालले आहे तेही दिसेनासे होते. ताडपत्रीचीही तीच गत. दिवसा तापते, रात्री आतून घाम धरते. चारी बाजूंनी वारा खेळणारी नुसती शेड बरी. ती माडाखाली नसावी, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही.

ब्रेक आणि क्लच : ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. सपाट रस्त्यावर हा फरक कळत नाही. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाट ब्रेक दाबत उतरताना ऑइलमधले पाणी उकळले, तर पाइपात वाफ होते आणि पॅडल तळाला जाते. वर्षातून चार वेळा निघणारी गाडी नेमकी घाटातूनच कोल्हापूर किंवा कराडला जाते, हा या प्रकारातला खरा धोका. म्हणून किलोमीटर कितीही असोत, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे.

दुसरी तक्रार भाद्रपदातली. गणपतीला मालक येतो, गाडी सुरू होते, गिअर पडतो, पण गाडी हलत नाही. हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागचे ब्रेक शू ड्रमला गंजाने धरून बसलेले असतात. मिस्त्री चाक काढतो आणि ड्रमच्या पाठीवर गोल फिरवत हलके हातोडे मारतो. सुटताना एक कोरडा ‘कट्’ येतो आणि खाली लाल भुकटी पडते. जोर करून गाडी ओढली असती तर शूचे लायनिंग उखडून आले असते. पावसाळ्यात गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला चिऱ्याचा तुकडा लावून आणि हँडब्रेक सोडून उभी करावी. क्लच प्लेटही याच रीतीने फ्लायव्हीलला चिकटते. मग पॅडल दाबूनही गिअर पडत नाही.

रबर : टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, हा कमी रनिंगच्या गाडीतला सर्वांत महाग गैरसमज. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या भेगा पाहाव्यात; दहा वर्षांनंतर भेगा नसल्या तरी टायर काढावा. स्टेपनीचा कोड कुणी वाचत नाही, आणि जुन्या गाडीत ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते. इंजिनातल्या व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टलाही किलोमीटरइतकीच वर्षांची मर्यादा असते. मारुती ८०० आणि ७९६ सीसीच्या जुन्या अल्टोत बेल्ट आहे, पुढच्या के-सिरीज इंजिनांत चेन. आपल्या गाडीत काय आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

इंधनाच्या नळ्यांचा प्रश्न अलीकडचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर त्याला साजेशा रबर-प्लास्टिकच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. इथेनॉल पाणी ओढते. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पुरेसे पाणी शिरले तर इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि इंजिन सुरू होताना पहिल्यांदा तोच ओढला जातो. जुन्या गाडीच्या नळ्या बोटाने दाबून पाहाव्यात: चिकट, फुगीर किंवा तडकलेली नळी लगेच बदलावी.

बॅटरी, कूलंट आणि उंदीर : उभ्या गाडीची बॅटरी घड्याळ व अलार्म हळूहळू पितात. मीटर लावल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याहून खाली ती आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवर सल्फेट जमते आणि चार्जिंग करूनही पूर्वीचा जोर येत नाही. गावी कुणी चालवणारे नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून जावे. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी पूड गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते. कूलंट दोन-तीन वर्षांनी, पुस्तिकेप्रमाणे. नळाचे पाणी नको.

उंदीर-घुशींना बॉनेटखालची ऊब आवडते आणि वायरिंगचे वेष्टन त्यांना कुरतडायला मिळते. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या असे उपाय चालतात आणि थोडे दिवस लागूही पडतात. मांगरात भाताची पोती आणि गाडी एकत्र ठेवली असेल तर मात्र त्यांचा काही उपयोग नाही. एअर फिल्टरच्या डब्यात घरटे आणि बारीक नळ्यांत कुंभारीण माशीचे मातीचे घर सापडणे नेहमीचे. म्हणून सहा महिन्यांनी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून आत हात घालण्यापूर्वी काठी घालावी. सापही तिथेच शिरतो.

वेळापत्रक : किनाऱ्यावर कामे दोन वेळा वाटून करणे सोयीचे. पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पत्रा, कोटिंग, पाण्याची भोके, वायपर, टायर आणि ब्रेक. नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की ऑइल, फिल्टर, एसीची सफाई आणि ड्रम उघडून साफ करणे. ऑइल पावसाळ्यानंतर बदलण्याचे कारण उघड आहे: चार महिन्यांचे पाणी आणि आम्ल घेतलेले ऑइल उरलेले वर्षभर इंजिनात ठेवण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजला जाऊ नये. महामार्गावरून आलेल्या गाड्यांची तिथे रांग असते आणि मिस्त्रीचे लक्ष कुठेच नसते.

कागदपत्रे : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, त्याहून आधी नाही. गाडी फिरली नाही म्हणून मुदत थांबत नाही. पीयूसी आणि विम्याचेही तसेच.

जुनी गाडी घेताना : कमी रनिंगची गाडी चिपळूण, खेड किंवा महाडकडची असेल तर जुलै २०२१ च्या पुराचा विचार करावा. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या, त्यात गैर काही नाही. पण तसे सांगून विकायला हवे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पुराची माती सीट, गालिचा आणि डॅशबोर्डवरून धुतली जाते, पण रिळाशी गुंडाळलेल्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर राखाडी गाळाची रेघ राहून जाते.