स्तंभ आपल्या आकड्यावर का बसत नाही?

आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत बारप्लॉट, म्हणजे स्तंभालेख, काढायचा, त्यावर लाइन्स ही आज्ञा वापरून 1, 2, 3 वर रेषा टाकायची आणि पाहायचं तर रेषा स्तंभांच्या माथ्यावरून घसरलेली! पहिला स्तंभ 1 वर नसतोच. त्याचा मध्य 0.7 वर, दुसऱ्याचा 1.9 वर, तिसऱ्याचा 3.1 वर. स्तंभाची रुंदी 1 आणि प्रत्येकाआधी 0.2 मोकळी जागा, एवढाच हिशेब. तुम्ही खाली वर्षं लिहिलीत तरी आरच्या लेखी ती नुसती नावं.

याचं मूळ फार जुनं आहे. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअरच्या 1786 च्या व्यापारविषयक अ‍ॅटलसमध्ये जवळपास सगळे आलेख काळाच्या रेषेवरचे होते. स्कॉटलंडची मात्र 1780-81 या एकाच वर्षाची आकडेवारी त्याच्या हाती होती. रेषा ओढायला काळच नाही, म्हणून त्याने रशिया, आयर्लंड अशा 17 ठिकाणांशी झालेली आयात-निर्यात पट्ट्यांनी दाखवली. हा आलेख त्याला स्वतःला कमी उपयोगाचा वाटत होता. म्हणजे स्तंभालेख जन्मला तोच नावांसाठी. संख्येच्या अक्षावर स्तंभ हक्काने बसले ते आयतालेखात, म्हणजे संख्यांच्या सलग गटांवर स्तंभ उभारणाऱ्या आलेखात. त्याला हिस्टोग्राम हे इंग्रजी नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने 1890 च्या दशकात दिलं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत 1976 साली सुरू झालेली एस भाषा आणि तिच्या वळणावर ऑकलंडमध्ये घडलेली आर, दोन्हींत बारप्लॉट नावांचाच राहिला. तो स्तंभांचे मध्यबिंदू परत देतो. ते एका चलात धरून ठेवले की रेषा बरोबर बसते. पायथन भाषेतलं आलेखांचं साधन मॅटप्लॉटलिब स्तंभ दिलेल्या संख्येवर ठेवतं, पण 2017 च्या 2.0 आवृत्तीआधी त्या संख्येवर स्तंभाची डावी कड यायची, मध्य नव्हे. जुना कोड नव्या आवृत्तीत चालवला की सगळे स्तंभ अर्ध्या रुंदीने सरकायचे.

मला सर्वांत पटते ती आरमधल्याच जीजीप्लॉट2 या आलेखांच्या पॅकेजची रीत. आपली जनगणनाच घ्या: 1991, 2001, 2011 आणि मधली 2021 ची हुकल्याने पुढची 2027. बारप्लॉटमध्ये हे चारही स्तंभ सारख्याच अंतरावर उभे राहतील. जीजीप्लॉट2 सर्वांत कमी अंतर, म्हणजे 10 वर्षं, पकडून त्याच्या 90 टक्के रुंदी देतं. 2001 आणि 2011 च्या स्तंभांमध्ये 1 वर्षाची फट राहते, 2011 आणि 2027 च्या मध्ये 7 वर्षांची. हुकलेली जनगणना तिथे डोळ्यांना दिसते.