तीन पत्ती : शक्यता आणि खेळी

तीन पत्ती हा जोकर काढलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटवर साधारण तीन ते सहा-सात जणांनी खेळायचा बोलीचा खेळ आहे. यालाच फ्लश असेही म्हणतात. तो पोकरच्या कुळातला असून इंग्लंडमधल्या ब्रॅग या खेळाचा जवळचा नातलग आहे. तीनच पत्ते वाटणे आणि पत्ते न बघता बोलणाऱ्याला निम्मा भाव लावणे या दोन्ही गोष्टी ब्रॅगमध्येही सापडतात. पोकरच्या बहुतेक प्रकारांत पत्ते बदलता येतात किंवा टेबलावर सामायिक पत्ते उघडले जातात. इथे तसे काही नाही. वाटलेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात, त्यामुळे सगळे गणित एकदाच मांडता येते आणि थोड्या सरावाने तोंडपाठ होते.

नागपुरात ताशपत्त्यांचे खरे मोसम दोन, पोळा आणि दिवाळी. पोळा श्रावण अमावास्येला येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते. या दिवसांत शहरात आणि भोवतालच्या गावांत जागोजागी फड बसतात, पोलिसांच्या धाडीही याच दिवसांत वाढतात. घरातला, पैशाविना चालणारा खेळ मात्र उन्हाळ्याच्या सुटीतला. दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते आणि सगळे घर कूलरसमोर गोळा झालेले असते. तिथे एक व्यावहारिक काळजी घ्यावी लागते. कूलरच्या झोतात कागदी पत्ते उलटतात आणि दमट हवेने फुगून एकमेकांना चिकटतात. अशा वेळी प्लास्टिकचे पत्ते वापरावेत आणि झोताकडे पाठ करून बसणाऱ्याने वाटावे.

पैसे लावून खेळण्याला कायद्याची मनाई आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण तीन पत्ती त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना त्याच निकालात तीन पत्त्यांच्या फ्लश, ब्रॅगसारख्या खेळांना निव्वळ नशिबाचे खेळ म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. शिकण्यासाठी चिंचोके किंवा काड्या पुरेशा आहेत. पुढची सगळी उदाहरणे चिंचोक्यांतच दिली आहेत.

हातांची उतरंड

५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात निघतात. सर्वांत वर ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते एकाच किमतीचे. असे हात ५२. त्याखाली एकाच रंगाची (इस्पिक, बदाम, चौकट किंवा किलवर) ओळीतली तीन पाने, म्हणजे प्युअर सिक्वेन्स. असे हात ४८. मग वेगवेगळ्या रंगांची सिक्वेन्स ७२०, कलर (एकाच रंगाची, पण ओळीत नसलेली पाने) १,०९६, जोडी ३,७४४ आणि उरलेले १६,४४० हात नुसत्या टॉपचे, म्हणजे काहीच न जुळलेले आणि सर्वांत मोठ्या पानावर ठरणारे. टक्केवारीत सिक्वेन्स ३.२६, कलर ४.९६, जोडी १६.९४ आणि टॉप ७४.३९.

यात एक विसंगती आहे आणि ती नवख्याने नीट लक्षात ठेवावी. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी मान ट्रेलचा मोठा. उतरंड परंपरेने ठरलेली आहे, मोजणीने नव्हे. दुसरा वादाचा मुद्दा एक्का-दुर्री-तिर्रीचा. बहुतेक ठिकाणी एक्का-राजा-राणी सर्वांत मोठी, तिच्याखाली एक्का-दुर्री-तिर्री आणि मग राजा-राणी-गुलाम असा क्रम धरतात. काही घरांत मात्र एक्का-दुर्री-तिर्री पहिली मानतात. पहिला पत्ता वाटण्याआधी हे ठरवून घ्यावे. पॉट, म्हणजे मध्ये जमणारा ढीग, भरल्यावर हा वाद मिटत नाही.

चारपैकी जवळजवळ तीन हात टॉपचे असतात, म्हणून टॉपच्या आतली प्रतवारी खेळाच्या मुळाशी आहे. एक्क्याच्या टॉपचे हात ३,८४०, राजाचे ३,२४०, राणीचे २,६४०. वरून मोजत आले की बरोबर मध्यावर राजा-दश्शी-दुर्री येते. म्हणजे राजा-दश्शीचा हात आला तर निम्मे हात त्याच्याखाली असतात. समोर एकच खेळाडू असेल तर असा हात बरोबरीचा, पाच असतील तर फेकण्याचा. गुलाम-नव्वी बघून चाल देणाऱ्याला, म्हणजे पॉटमध्ये भर घालून डावात राहणाऱ्याला, हे ठाऊक नसते. चित्राचे पान दिसले की हात चांगला, असा त्याचा समज असतो.

समोरच्या खेळाडूंची संख्या हाताची किंमत कशी बदलते हे जोडीवरून कळते. एका खेळाडूकडे जोडी किंवा त्याहून मोठा हात असण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. तिघांपैकी किमान एकाकडे तो असण्याची शक्यता ५९ टक्क्यांच्या आसपास जाते, पाचांपैकी एकाकडे ७७ टक्क्यांपर्यंत. सहा जणांच्या डावात एक्का-राजाच्या टॉपवर बघून दिलेली चाल बहुतेकदा वाया जाते ती यामुळे.

भाव आणि शो

डावाच्या सुरुवातीला प्रत्येकजण ठरलेला बूट, म्हणजे पॉटमधली पहिली भर, टाकतो. मग पाळीपाळीने चाल द्यायची किंवा पॅक व्हायचे, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडायचा. पत्ते न बघता खेळणारा ब्लाइंड. तो चालू भावाएवढी किंवा त्याच्या दुपटीपर्यंत चाल देतो. बघून खेळणारा त्याच भावाच्या दुप्पट ते चौपट देतो आणि त्याने दिलेल्या चालीचा निम्मा आकडा पुढचा भाव ठरतो. दोघेच उरले की शो, म्हणजे पत्ते उघडून ताडून पाहणे, मागता येतो. बघितलेल्याला शोसाठी दुप्पट मोजावे लागतात, ब्लाइंडला एकपट. दोघांचे हात सारखे निघाले तर शो मागणारा हरतो. समोरचा ब्लाइंड असेल तर बघितलेल्याने शो मागायचा नाही, असा नियम अनेक ठिकाणी पाळतात. ही अडचण मोठी आहे. मध्यम हात घेऊन बसलेला माणूस दर फेरीला दुप्पट भरत राहतो आणि त्याला बाहेर पडण्याचा एकच मार्ग उरतो, पॅक होणे. म्हणूनच ब्लाइंडच्या चार फेऱ्यांवर पत्ते उचललेच पाहिजेत, अशी मर्यादा घालणे शहाणपणाचे.

पॉटमध्ये २०० चिंचोके आहेत आणि भाव २० आहे असे समजा. बघितलेल्याला शो ४० ला पडतो. जिंकला तर तो २४० उचलतो, म्हणजे सहापैकी एकदा जिंकला तरी बरोबरी होते. ब्लाइंडला तोच शो २० ला पडतो. त्याला ११ पैकी एकदा, म्हणजे सुमारे ९ टक्के वेळा जिंकणे पुरते. आता समोरचा खेळाडू जोडीखाली कधीच टिकत नाही असे आपल्याला माहीत आहे. कोणताही अनोळखी हात अशा खेळाडूला साधारण १३ टक्के वेळा हरवतो, तेव्हा ब्लाइंडने शो मागणे बरोबर. त्याच जागी आपण पत्ते उचलले आणि एक्का-राणी-सत्ती दिसली, तर जिंकण्याची शक्यता शून्य, कारण जोडीपेक्षा आपला हात लहान हे आता नक्की झाले. आणि हाच समोरचा माणूस कलरखाली टिकत नसेल, तर अनोळखी हाताची शक्यता ४ टक्क्यांच्या थोडी वर राहते आणि ब्लाइंडचा स्वस्त शोसुद्धा तोट्याचा होतो. पॉट, भाव आणि समोरच्याची सवय, तिन्ही माहीत असल्याशिवाय शोचा निर्णय घेता येत नाही. यांतली सवय मोजायला सर्वांत अवघड, म्हणून प्रत्येक शोला उघडलेले पत्ते लक्षात ठेवणे हा या खेळातला खरा अभ्यास.

जोडी आली म्हणून हुरळून जाणे ही पुढची चूक. जोडी किंवा त्याहून वरचाच हात खेळणाऱ्या माणसासमोर सत्तीची जोडी चारातून साधारण एकदा जिंकते. गुलामाची जोडी जवळजवळ निम्म्यावर येते आणि राणीच्या जोडीपासून पारडे आपल्याकडे झुकते. एक्क्याची जोडी किंवा त्याहून मोठा हात दहा वाटपांत एकदाच येतो, तेव्हा तो आला की पॉट वाढवावा. असा हात घेऊन पहिल्याच फेरीत चौपट चाल देणारे सगळ्यांना पॅक करून नुसता बूट उचलतात.

साइडशो म्हणजे बघितलेल्याने चाल भरून लगतच्या मागच्या बघितलेल्या खेळाडूला गुपचूप पत्ते ताडून पाहायला सांगणे. लहान हात असलेला पॅक होतो, बरोबरी झाली तर मागणारा. मागचा खेळाडू नकार देऊ शकतो. मधल्या जोडीला हे हत्यार उपयोगी, विशेषतः चार-पाच जण टिकून असताना. मात्र दोघांच्या साइडशोत फायदा बहुतेकदा तिसऱ्याचा होतो, कारण एक प्रतिस्पर्धी त्याने काही न भरता कमी होतो. ट्रेल किंवा सिक्वेन्स असताना साइडशो मागू नये. चाल देणारा माणूस टेबलावर राहणेच आपल्या हिताचे.

सराव आणि पिसणे

आकडे अंगवळणी पडायला एक सोपा सराव आहे. अख्खा कॅट तीन-तीनच्या १७ ढिगांत वाटावा, एक पत्ता उरेल. ढीग उघडून हातांची वर्गवारी करावी. सरासरीने बारा-तेरा ढीग टॉपचे निघतात, तीनेक जोड्या, कलर एकापेक्षा थोडा कमी, सिक्वेन्स दोन वाटपांत एखादी. ट्रेल २५ वाटपांत एकदा. एका संध्याकाळी दहा-बारा वेळा हे केले की टॉपचे राज्य किती मोठे आहे ते डोळ्यांना पटते.

पिसणे ढिले असेल तर हे आकडे बिघडतात. कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत सोडत पिसले तर सुमारे सात वेळा पिसणे लागते, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले. आपल्याकडे सर्रास केले जाते तसे हातावर गठ्ठे सरकवत पिसले तर मागच्या डावातल्या जोड्या एकत्रच राहतात. त्यावरून ‘पत्ते लागलेत’ असा समज पसरतो. नीट पिसलेल्या कॅटमध्ये मागच्या डावाचा पुढच्याशी काहीही संबंध नसतो.

प्रकार बदलला की गणित बदलते

मुफलिसमध्ये सर्वांत लहान हात जिंकतो. तिथे सर्वोत्तम हात वेगवेगळ्या रंगांची पंजी-तिर्री-दुर्री, कारण चव्वी-तिर्री-दुर्री ही सिक्वेन्स होते. एके-४७ मध्ये एक्का, राजा, चव्वी आणि सत्ती ही सोळाही पाने जोकर ठरतात. एकही जोकर न येण्याची शक्यता तिथे फक्त ३२ टक्के, आणि जोकर आला की किमान जोडी झालीच. दोन जोकर आले की ट्रेल आपोआप बनते. एकूण ट्रेल २६ टक्के वेळा येते, साध्या खेळात ती पाव टक्काही नसते. साध्या खेळातली सवय घेऊन इथे एक्क्याच्या टॉपला मान देणारा आधी फसतो, कारण या प्रकारात एक्का टॉप कधीच बनत नाही, तो जोकरच असतो. त्यानंतर फसतो जोडीवाला. चार जणांच्या डावात समोरच्या तिघांपैकी किमान एकाकडे ट्रेल असण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के असते. तेव्हा एके-४७ मध्ये जोडी पहिल्या चालीलाच टाकावी, कलर फार तर एक चाल धरावा आणि लहान ट्रेलवरही भाव चौपट करू नये.