घरच्या भट्टीत सुरीला पाणी देताना

घरच्या घरी सुऱ्या बनवणाऱ्याच्या टेबलावर बहुधा एकाहून अधिक पाती अर्धवट अवस्थेत पडलेली असतात. एखाद्याचा नुसता आकार कापून झालेला असतो, एखाद्याला मुठीच्या रिव्हेटांसाठी भोके पाडलेली असतात, तर एखाद्याच्या दोन्ही बाजू कानशीने उतरत्या घासलेल्या असतात, मात्र धारेच्या जागी जवळपास एक मिलिमीटर जाडी मुद्दाम राखलेली असते. दिसायला ही सर्व पाती सुरीसारखीच असली, तरी त्यांतले एकही चार दिवस धार धरणार नाही. या टप्प्यापर्यंत पोलाद मऊ असते आणि मऊ असते म्हणूनच ते कानशीने घासले जाते. त्याची सुरी होते ती पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करताना, आणि त्यातला निर्णायक भाग जेमतेम एका सेकंदाचा असतो.

मुळात पट्टी कोणती घेतली, यावर बरेच अवलंबून असते. खिडकीच्या ग्रिलला वापरतात त्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे ती कितीही लाल करून विझवली तरी सुरीइतकी कडक होत नाही. सुरीसाठी साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन लागतो. आपल्याकडचे लोहार मालट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून उत्तम कोयते घडवतात, ते याच कारणाने. तरीही नवशिक्याने भंगारातल्या पाट्याच्या मोहात पडू नये, असे माझे मत आहे. वर्षानुवर्षे दणके खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, आणि लोहाराला अनुभवाने जे कळते ते नवख्याला घटकद्रव्ये ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

थंड लोखंडात अणूंची मांडणी अशी असते, की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्यभागी एक अणू बसतो. या रचनेत कार्बनला जवळजवळ थाराच नसतो. फार तर ०.०२ टक्के कार्बन तिच्यात मावतो आणि उरलेला लोखंडाशी संयोग पावून वेगळा राहतो. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की मांडणी बदलते. अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर येतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि कार्बन त्यांत विरघळतो. सावकाश थंड होऊ दिले तर तो पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होते. झटकन थंड केले तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो अडकून पडतो, रचना एका दिशेने ताणली जाते आणि हा ताणच पात्याला कडकपणा देतो. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

झटकन म्हणजे किती, हे १९३० मध्ये अमेरिकेत डॅव्हनपोर्ट आणि बेन या संशोधकांनी आलेखावर मांडले. ०.८ टक्के कार्बनच्या साध्या पोलादात ५४० अंशांच्या आसपास कार्बन सर्वांत वेगाने बाहेर पडू लागतो, आणि हा टप्पा सुमारे सेकंदभरात ओलांडावा लागतो. त्यानंतर मात्र थोडी उसंत मिळते, कारण मार्टेन्साइट बनायला सुरुवात होते ती २०० अंशांच्या थोडे वर. थंड करायला तेलात बुडवून काढलेले पाते वाकलेले दिसले, तर जाड हातमोजे घालून ते सरळ करायला काही सेकंद मिळतात, ते यामुळेच. ती वेळ टळल्यावर जोर लावला, तर पाते काचेसारखे मोडते.

घरी तापमापक असलेली भट्टी नसली, तर लोहचुंबक कामी येतो. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना नाहीसे होते. ०.८ टक्के कार्बनच्या पोलादात मात्र नवी रचनाच अचुंबकी असल्याने ते त्याआधीच जाऊ शकते. त्यामुळे चुंबक सुटला की लगेच पाते तेलात घालणे ही घाई ठरते. कार्बन नीट विरघळायला ८०० अंशांच्या थोडे पुढे जावे लागते. अंधाऱ्या कोपऱ्यात नीट पाहिले, तर लाल पात्यावरून गडद सावल्या सरकताना दिसतात. रचना बदलताना पोलाद उष्णता शोषून घेते, म्हणून तेवढा भाग काळवंडल्यासारखा भासतो. सावल्या विरल्या, रंग सर्वत्र सारखा झाला आणि किंचित उजळला, की पाते तयार झाले. याहून फार तापवले, तर पोलादातले स्फटिकांचे कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ होते. भर उन्हात हे काम करू नये, कारण उन्हात तोच लाल रंग काळा दिसतो.

सुरीच्या पातळ पात्याला पाण्याऐवजी तेल बरे, कारण पाण्यात तडा जाण्याचा धोका मोठा असतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल ५० अंशांपर्यंत कोमट करून घेतात. कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवती चटकन फिरते, त्यामुळे गार तेलापेक्षा ते पात्याला लवकर निववते. भांडे धातूचे, उभट आणि झाकण असलेले हवे.

निवलेल्या पात्यावर कानस फिरवली, की ती चावत नाही, घसरते. पहिल्या घासाला चावली तर निराश होऊ नये. भट्टीत वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळालेला असतो, तो खरवडल्यावर खालचे पोलाद कडक लागते. मात्र हे पाते इतके ठिसूळ असते, की फरशीवर पडले तरी तुटू शकते. म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असे दोनदा तापवून ताण थोडा सैल करतात. त्याने कडकपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा येतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या वेळी गवती पिवळा रंग चढतो. आणखी तापवले तर तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग येतो. हा रंग ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळण्याचा, असतो. छिन्नीचे टोक पाण्यात बुडवून बाहेर काढल्यावर लोहार हेच रंग टोकाकडे सरकताना पाहतो आणि योग्य रंग आला की ते पुन्हा बुडवतो.

मूठ बसवण्याआधी राखलेली जाडी ग्राइंडरवर उतरवायची असते, आणि हातातोंडाशी आलेले काम येथे सहज बिघडते. पातळ कड क्षणात तापते. तिच्यावर निळा डाग उमटला, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढी कड पूर्ण घासून काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणून पाते उघड्या बोटांनी धरून, बोटांना चटका बसण्याआधी पाण्यात बुडवत काम करतात.

धार लावल्यावर ती पितळी सळईवर हलकेच दाबून पाहतात. कड किंचित लवून परत सरळ झाली, तर उष्णतेचे काम जमले. तिचे कपचे उडाले, तर पाते ओव्हनमध्ये दहा-पंधरा अंश जास्त तापमानावर पुन्हा तापवावे. ती लवून तशीच वाकडी राहिली, तर पाते पुन्हा भट्टीत घालावे लागते.