स्त्रीधन

स्त्रीधन : हिंदू स्त्रीच्या पूर्ण मालकीची संपत्ती. माहेर, सासर, पती व आप्तेष्ट यांच्याकडून विवाहापूर्वी, विवाहप्रसंगी किंवा नंतर तिला मिळालेले दागिने, रोकड, वस्त्रे, भांडी, जमीन इ. आणि तिची स्वतःची कमाई यांचा त्यात आज समावेश होतो. भारतात विवाहामुळे पतिपत्नींची मालमत्ता एक होत नाही (गोव्याचा अपवाद पुढे दिला आहे). त्यामुळे घटस्फोटात निम्मे-निम्मे वाटप हा नियम नाही. ज्याची मालमत्ता त्याची राहते. अशा व्यवस्थेत निर्वाहाच्या रकमेखेरीज पत्नीला स्वतःच्या हक्काने मागता येते ते मुख्यतः स्त्रीधन.

व्याख्येचा वाद : मनुस्मृतीत (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या दरम्यानची मानतात) स्त्रीधन सहा प्रकारचे सांगितले आहे : विवाहाग्नीसमोर दिलेले (अध्यग्नि), सासरी जाताना मिळालेले (अध्यावाहनिक), प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व वडील यांच्याकडून मिळालेले (९·१९४). त्याच स्मृतीत भार्या, पुत्र व दास हे तिघे ‘अधन’ होत असेही वचन आहे (८·४१६). हे वचन मालकी नाकारणारे नसून स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा अधिकार नाकारणारे आहे, असा अर्थ बहुतेक टीकाकार लावतात व तोच अधिक सयुक्तिक दिसतो. एरवी सहा प्रकारांच्या गणनेला प्रयोजन उरत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात वृत्ती (निर्वाहाची तरतूद) व आबध्य (अंगावर घालण्याचे अलंकार) असे दोनच भाग असून वृत्तीची कमाल मर्यादा दोन हजार पण (तेव्हाचे नाणे) एवढी आहे. आबध्याला मर्यादा नाही.

पुढचा सारा वाद एका शब्दावर उभा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत (२·१४३) पिता, माता, पती व भाऊ यांनी दिलेले, अग्नीसमोर मिळालेले व ‘आधिवेदनिकाद्यं च’ (पतीने दुसरी पत्नी करताना पहिलीला दिलेले धन इत्यादी) असे स्त्रीधन सांगितले आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (सहावा, कार. १०७६–११२६) काळात मिताक्षरा ही त्या स्मृतीवरील टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने यातील ‘आद्य’ म्हणजे ‘इत्यादी’ या पदाचा आधार घेऊन वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह व निधिलाभ यांतून आलेली सर्व संपत्तीही स्त्रीधनात घातली, स्त्रीधन हा शब्द त्याने पारिभाषिक न मानता यौगिक, म्हणजे ‘स्त्रीचे धन’ एवढ्याच अर्थाचा मानला. काही ठिकाणी मात्र ‘आधिवेदनिकं चैव’ असा पाठ मिळतो. तो धरला की ‘इत्यादी’ उरत नाही आणि यादी बंद होते. बंगालातील दायभाग या ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन संकुचित बाजूचा आहे : पतीच्या संमतीवाचून स्त्रीला जे देता, विकता व उपभोगता येते तेवढेच स्त्रीधन. सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखात मधला मार्ग आहे. स्मृतींनी नाव घेऊन सांगितलेले ते पारिभाषिक, उरलेले अपारिभाषिक, आणि दोहोंचे वारस वेगळे. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाला मिताक्षरेवर प्राधान्य होते. उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षराच प्रमाण होती.

स्त्रीधनाच्या शुल्क या प्रकाराबद्दलही एकमत नाही. गृहोपयोगी वस्तू, जनावरे, दागिने इत्यादींचे मूल्य म्हणून वधूला मिळालेली रक्कम असा अर्थ कात्यायन या स्मृतिकाराने दिला आहे. काही ठिकाणी तो शब्द वधूमूल्यासाठी येतो.

ताबा व वापर : कात्यायनाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही, पांडुरंग वामन काणे यांनी निबंधग्रंथांतील (धर्मशास्त्राच्या नंतरच्या संकलनांतील) अवतरणांवरून त्याचे संकलन केले. माहेरच्यांकडून वा पतीकडून प्रेमाने मिळालेल्या धनाला तो सौदायिक म्हणतो व त्यावर स्त्रीला विक्रीसह पूर्ण स्वातंत्र्य देतो. कारागिरीची कमाई व परक्यांनी दिलेल्या देणग्या यांवर मात्र त्याने पतीचे स्वामित्व मानले आहे. पतीने स्त्रीधन घेतले तर ते परत करावे लागे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार व बंदिवास या चार प्रसंगी घेतलेले परत करण्याचे बंधन नव्हते (याज्ञ. २·१४७). आजच्या कायद्यात ही सूट उरलेली नाही : अडचणीत वापरलेले स्त्रीधनही पतीने परत द्यायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

घटस्फोटाच्या तडजोडीशी सर्वांत जवळचा प्राचीन नियम आधिवेदनिकाचा आहे. दुसरी पत्नी करणाऱ्याने पहिलीला दुसऱ्या विवाहावरील खर्चाइतके धन द्यावे, आधी स्त्रीधन दिले असल्यास निम्मे (याज्ञ. २·१४८). आधी दिलेले नव्या देण्यातून वळते करण्याची ही रीत आजही तडजोडीच्या बोलण्यांत दिसते, पण तिला कायद्याचा आधार नाही. स्त्रीधन परत करणे म्हणजे तिची वस्तू तिला देणे होय. एकरकमी निर्वाहधनात ते धरून चालत नाही.

आधुनिक कायदा : ब्रिटिश अंमलात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील अंतिम अपील न्यायालयाने) विज्ञानेश्वराचा विस्तार बव्हंशी नाकारला व वारशाने आलेल्या मालमत्तेत स्त्रीला हयातीपुरताच मर्यादित हक्क ठेवला. मुंबई इलाख्यात मुलगी, बहीण अशा काही वारसांना पूर्ण हक्क मिळत राहिला. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण तोही मर्यादितच. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली आणि शतकानुशतकांचा व्याख्येचा वाद व्यवहारापुरता संपला.

घटस्फोटात परतफेड : हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २७ विवाहप्रसंगी वा त्या सुमारास भेट मिळालेल्या व ‘दोघांच्या संयुक्त मालकीच्या’ वस्तूंबद्दल हुकूमनाम्यात तरतूद करू देते. केवळ पत्नीच्या मालकीच्या वस्तू त्यात येतात काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार पतिपत्नींच्या मालमत्तेचे दावे त्याच न्यायालयात चालत असल्याने, जेथे ते न्यायालय आहे तेथे या वादाचे महत्त्व कमी झाले आहे. संसारोपयोगी भांडी, फर्निचर, दोघांना मिळून आलेला आहेर संयुक्त ठरू शकतो; मंगळसूत्र, पाटल्या, ठुशी, नथ हे स्त्रीधनच.

दुसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ चा. कलम १२ चा अर्ज पत्नी राहते तेथील दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. कलम १८ खाली लॉकर, बँक खाते व स्त्रीधन यांच्या विल्हेवाटीस मनाई मागता येते, तर कलम १९(८) खाली स्त्रीधन परत करण्याचा आदेश होतो. मनाई आधी मागावी. दागिने मोडीत गेल्यावर आदेश रकमेचाच होतो. तिसरा मार्ग फौजदारी : पती वा सासरचे हे स्त्रीधनाचे केवळ विश्वस्त असून ते अडकवून ठेवणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात (१९८५) ठरवले. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४०६, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६. हुंडा देणे-घेणे गुन्हा असला तरी दिला गेलेला हुंडाही विवाहित स्त्रीचाच असतो. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ च्या कलम ६ प्रमाणे दुसऱ्याने घेतलेला हुंडा तीन महिन्यांत तिच्या स्वाधीन करावा लागतो.

पुरावा : मागणी बहुधा फसते ती येथे. हुंडा प्रतिबंधक अधिनियमाखालील १९८५ च्या नियमांनुसार भेटींची लेखी यादी विवाहाच्या वेळी वा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावयाची असते : वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते असल्यास ते, आणि वधू-वरांच्या सह्या. प्रत्यक्षात अशी यादी क्वचितच केली जाते; मग सराफाच्या पावत्या, लग्नातील छायाचित्रे व देणाऱ्यांच्या साक्षी यांवर भिस्त राहते. ‘सर्व दागिने सासूकडे आहेत’ एवढ्यावर आदेश मिळणे अवघड. नग, वजन, कोणी दिला व शेवटी कोणाच्या ताब्यात होता हे प्रत्येक दागिन्यापुढे हवे. वजनाचा घोळ नेहमीचा आहे. जुना तोळा ११·६६४ ग्रॅमचा, आजच्या व्यवहारातील १० ग्रॅमचा. वीस तोळ्यांत सुमारे ३३ ग्रॅमचा फरक पडतो. खडे व लाख धरून केलेले वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन, तसेच २२ व १८ कॅरट, हेही वेगळे लिहावे. दागिना मोडून नवा घडवला असेल तर मोडीची पावती नव्या दागिन्याशी जोडावी लागते, नाहीतर तो पतीच्या पैशाचा ठरवला जातो. प्राप्तिकर छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे सोने जप्त न करण्याची १९९४ ची सूचना मालकीचा पुरावा नव्हे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दागिने वजन करून, शक्यतो न्यायालयासमोर, हाती आल्यावरच ‘काही येणे नाही’ असे लिहून द्यावे. आधी लिहून दिल्यास पुढची मागणी बहुधा अडते.

विवाहानंतर कर्ज काढून घेतलेले घर हा याहून मोठा प्रश्न असून त्यावर स्त्रीधनाचा नियम पुरत नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेने, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, सर्वधर्मीय दांपत्यांची मालमत्ता समाईक होते व प्रत्येकाचा निम्मा हिस्सा मानला जातो.