गिअरबॉक्समध्ये कूलंट गेलं? नुसतं ऑइल बदलून भागत नाही

‘ऑइल बदला, दोनदा फ्लश करा, गाडी ठणठणीत’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो बहुतेक वेळा अपुरा ठरतो.

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्याच छोट्या कूलरमधून फिरतं. तो कूलर गळला की ऑइल आणि रेडिएटरमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) एकमेकांत मिसळतात. गंमत म्हणजे गाडी बंद केल्यावरही धोका असतो. ऑइल पंप थांबतो, पण गरम रेडिएटरमधला दाब टिकून राहतो आणि कूलंट ऑइलमध्ये ढकललं जातं. डिपस्टिकवर (ऑइल तपासायच्या पट्टीवर) दुधाळ गुलाबी फेस दिसला की समजा, ते घडलंय.

खरं नुकसान आत होतं. क्लच प्लेटवरचं घर्षण अस्तर कागदासारखं, गोंदाने चिकटवलेलं असतं. पाण्याने ते फुगतं, कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनाने गोंद सुटतो. सुटलेलं अस्तर नवं ऑइल पुन्हा चिकटवणार कसं? शिवाय ड्रेन प्लग उघडला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) बरंचसं ऑइल तिथेच राहतं.

गाडी चालवू नका, टो करा. आधी रेडिएटर बदला, नाहीतर सगळं पुन्हा मिसळेल. लगेच लक्षात आलं असेल, तरच वारंवार फ्लश करून बघण्यात अर्थ आहे. त्या अवस्थेत गाडी बरीच चालली असेल, तर गिअरबॉक्स उघडून क्लच प्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर बदलावेच लागतात.