ब्राँटे घराण्याची कागदपत्रे : काय उरले, कोणी उरू दिले

शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका ब्राँटे भगिनींवर आजवर इतके लिहिले गेले आहे की यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या त्या पाद्रीनिवासातले आता काहीच झाकलेले उरले नसेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात एमिलीच्या हातची पत्रे मोजकीच आहेत, तीही चिठ्ठीवजा. आणि तिने व अ‍ॅनने वर्षानुवर्षे रचलेल्या गोंडल या काल्पनिक राज्याच्या गद्यकथा नाहीशा झालेल्या आहेत. ही पोकळी निव्वळ काळाने पाडलेली नाही. ती पाडणाऱ्यांत त्या घरावर जीव असणारी माणसेही होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१८४६ साली तिघींनी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी कविता छापल्या, तेव्हापासूनच आडपडदा सुरू झाला. पुढे सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या आठ महिन्यांत भाऊ ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन गेले. मागे राहिलेल्या शार्लटने १८५० साली बहिणींचा परिचय लिहिला, एमिलीच्या कवितांत स्वतःच्या हाताने फेरफार केले आणि अ‍ॅनच्या दुसऱ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघावी असे तिला वाटले नाही. एमिलीची आपल्या मनातली मूर्ती मुख्यतः या शोकातून घडलेली आहे, त्यामुळे ती जपून वाचावी लागते.

शार्लटच्या पत्रांची कथा निराळी. १८५४ मध्ये तिचे आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न झाले आणि त्यांनी मैत्रीण एलेन नसी हिच्याकडून पत्रे जाळण्याचे वचन मागितले. एलेनने ते अटीवर दिले आणि पत्रे जाळली नाहीत. दुसरी मैत्रीण मेरी टेलर हिने मात्र आपल्याकडची जवळजवळ सगळी पत्रे नष्ट केली. म्हणून आपल्याला दिसते ती शार्लट बरीचशी एलेनला लिहिणारी शार्लट आहे. मेरीशी बोलणारी, बहुधा अधिक धीट असलेली शार्लट हातची गेली.

वडील पॅट्रिक यांच्या विनंतीवरून कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेले शार्लटचे चरित्र १८५७ च्या मार्चमध्ये निघाले. ब्रॅनवेलची शिकवणी १८४५ मध्ये सुटली, त्याचे खापर त्यांनी तो शिकवत होता त्या घरच्या मालकिणीवर फोडले. त्या बाईंच्या वकिलांनी बदनामीच्या दाव्याची धमकी देताच तो मजकूर मागे घ्यावा लागला आणि त्याच वर्षी सुधारित आवृत्ती काढावी लागली. नेमके काय घडले, याचा निर्णायक पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

शार्लट शिकायला राहिली होती त्या ब्रुसेल्सचा विषय मात्र गॅस्केलबाईंनी स्वतःहून आवरता घेतला. तिथले विवाहित शिक्षक कॉन्स्तांतँ एजे यांना शार्लटने १८४४-४५ मध्ये फ्रेंचमधून लिहिलेली पत्रे गॅस्केलबाईंना ठाऊक होती. त्यांनी त्यांतले निरुपद्रवी उतारे तेवढे घेतले. ही चार पत्रे एजे यांच्या मुलांनी १९१३ साली ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यांतली तीन फाडलेली आहेत आणि तुकडे पुन्हा जोडलेले आहेत, काही ठिकाणी सुईदोऱ्याने शिवून. एजे यांनी पत्रे फाडून टाकली आणि पत्नीने ती उचलून जोडली, असे मुलीने पुढे सांगितले. न फाडलेल्या चौथ्या पत्राच्या कडेला एजे यांनी पेन्सिलीने एका चांभाराचा पत्ता टिपून ठेवला आहे. विनवणीने भरलेल्या त्या पत्राशेजारी तो पत्ता वाचताना जीव कळवळतो.

शेवटचा घाव व्यवहाराचा होता. १८९५ साली पत्रकार क्लेमंट शॉर्टर यांनी आयर्लंडमध्ये निकल्स यांच्याकडून उरलेले कागद मिळवले. त्यांतले बहुतेक थॉमस वाइज या संग्राहकाकडे गेले. वाइज यांनी हस्तलिखितांची पाने सुटी केली, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली आणि ब्रॅनवेलचे लेखन बहिणींच्या नावावर खपवले. बनावट छापील पुस्तिका करणारे म्हणून ते १९३४ मध्ये उघडे पडले, पण तोवर कागद दूरदूर पांगले होते. शार्लटच्या पत्रांची मूळ कागदांशी ताडून सिद्ध केलेली तीन खंडांची आवृत्ती मार्गारेट स्मिथ यांनी १९९५ ते २००४ या काळात काढली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीड शतकाने.