गोचीड चावते आणि मांस वर्ज्य होतं

रात्री बीफ खाऊन झोपलेला माणूस मध्यरात्री दचकून उठतो. अंगभर पित्त उठलेलं, पोटात मुरडा, कधी श्वासही लागलेला. जेवून चार-पाच तास झालेले असतात, त्यामुळे जेवणावर संशय जातच नाही. अन्नाची ॲलर्जी एरवी काही मिनिटांत दिसते. गोचिडीच्या चाव्यातून येणारी ही मांसाची ॲलर्जी, म्हणजे अल्फा-गॅल सिंड्रोम, मात्र या उशिरामुळे वर्षानुवर्षं ओळखली जात नाही.

अल्फा-गॅल ही एक शर्करा. गाय, डुक्कर, मेंढी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ती असते. ती बनवणारं जनुक आपल्या पूर्वजांमध्येच निकामी झालं, म्हणून माणसाच्या शरीराला ती परकी वाटते. अमेरिकेत 'लोन स्टार' गोचीड चावली की तिच्या लाळेतली अल्फा-गॅल त्वचेत शिरते आणि काही जणांच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तयार होतात. पुढे मांसातून तीच शर्करा आली की भडका उडतो. चरबीसोबतची अल्फा-गॅल रक्तात हळूहळू उतरते, हे त्या उशिराचं सर्वात पटणारं कारण.

याचा धागा सापडला तो कर्करोगाच्या औषधातून. सेटुक्सिमॅब या औषधाच्या पहिल्याच डोसला अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होत होती. या रुग्णांमध्ये अल्फा-गॅलविरुद्ध प्रतिपिंडं आधीपासूनच होती, हे थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं.

डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, 'गॅलसेफ' डुकराला मान्यता दिली. रिव्हिव्हिकॉर कंपनीच्या या डुकरात अल्फा-गॅल बनवणारं जनुक बंद केलेलं आहे. मूळ ओढ होती अवयवदानाची, कारण डुकराचा अवयव माणसाचं शरीर तत्काळ झिडकारतं ते मुख्यतः याच शर्करेमुळे. 2021 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेंदूमृत व्यक्तीला अशा डुकराचं मूत्रपिंड जोडलं गेलं आणि ते चाललंही. कंपनीने अल्फा-गॅलच्या काही रुग्णांना या डुकराचं मांस विनामूल्य पाठवलं आहे. मात्र अल्फा-गॅल रुग्णांसाठी ते निर्धोक आहे का, हे एफडीएने मान्यता देताना तपासलेलं नव्हतं.

आणि खरा त्रास ताटापुरता नाहीच. कॅप्सूलचं जिलेटिन, डुकराच्या आतड्यापासून काढलेलं, रक्त गोठू न देणारं हेपारिन, गाय-डुकराच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या झडपा, इतकंच काय, लाल समुद्रशैवालातलं, खाद्यपदार्थ दाट करणारं कॅराजीननसुद्धा काहींना बाधतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 1,500 आरोग्य-व्यावसायिकांना विचारलं तेव्हा 42 टक्क्यांनी या आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या बाधितांचा अंदाज मात्र 4,50,000 पर्यंत जातो. ही पोकळी रुग्णांनीच भरून काढली आहे, आणि मला त्याचं मोल जनुक बदललेल्या डुकराइतकंच वाटतं. कुणी औषधकंपनीला फोन करून गोळीतलं मॅग्नेशियम स्टिअरेट प्राण्याचं की वनस्पतीचं हे विचारतं आणि उत्तर बाकीच्यांना कळवतं. घटक बदलले की पुन्हा विचारणा. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला काय सांगायचं, तीव्र ॲलर्जीत लागणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन कुठे ठेवायचं, हेही नवख्याला जुनेजाणते शिकवतात. अर्थात एकाला बाधलं म्हणून दुसऱ्याने ते सोडावं असं नाही: पुष्कळांना दूध चालतं, काहींना अजिबात नाही. ती मर्यादा ॲलर्जीतज्ज्ञाबरोबरच ठरवावी.

गोचीड पुन्हा चावली की प्रतिपिंडं वाढतात. म्हणून पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे घालावेत आणि रानातून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा नीट तपासावी. वर्षानुवर्षं चावा टळला तर काहींची पातळी इतकी उतरते की डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते पुन्हा मांस खाऊन पाहू शकतात.